मोस्तार: बारा वर्षे निवडणूक न झालेले शहर

बॉस्निया-हर्झेगोव्हिनातल्या मोस्तारमध्ये २००८ साली पालिकेची निवडणूक झाली. त्यानंतरची झाली ती थेट २० डिसेंबर २०२० रोजी. मधल्या काळात युद्ध नव्हते की आणीबाणी नव्हती. दोन मोठ्या पक्षांचे जमत नव्हते, एवढेच.

रेघ नेमकी कुठे?

मोस्तार म्हटले की नेरेत्वा नदीवरचा १५६६ सालचा कमानी पूल आठवतो. ९ नोव्हेंबर १९९३ रोजी क्रोएट फौजांच्या तोफमाऱ्यात तो कोसळला आणि २००४ मध्ये पुन्हा उभा राहिला. त्यामुळे नदीच्या अलीकडे एक समाज आणि पलीकडे दुसरा, असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. खरी रेघ नदीच्या पश्चिमेला, बुलेव्हार नावाच्या रस्त्यावर होती. १९९२ मध्ये सर्ब फौजांविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढलेले क्रोएट आणि बोस्नियाक (म्हणजे तिथले मुस्लीम) मे १९९३ पासून याच रस्त्याच्या दोन बाजूंनी एकमेकांवर गोळ्या झाडत होते. मार्च १९९४ च्या वॉशिंग्टन करारानंतर ही लढाई थांबली.

सगळे दोन-दोन

युद्धाआधी शहरात बोस्नियाक आणि क्रोएट जवळपास सारखेच होते, सर्बही बऱ्यापैकी. युद्धानंतर क्रोएट पश्चिमेला, बोस्नियाक पूर्वेला आणि बहुतेक सर्ब शहराबाहेर. विद्यापीठे दोन, बसस्थानके दोन, वीज कंपन्याही दोन. स्पॅनिश चौकातल्या जुन्या हायस्कूलची इमारत दुरुस्त झाली, मुख्याध्यापकही एक झाले. अभ्यासक्रम मात्र दोनच राहिले.

फुटबॉलची कथा तर फारच बोलकी. वेलेझ हा १९२२ चा क्लब. त्यात सगळ्या समाजांचे खेळाडू असत. युगोस्लाव्ह चषक त्याने दोनदा जिंकला, १९८१ आणि १९८६ मध्ये. त्याचे मैदान पश्चिम भागात. युद्धानंतर ते क्रोएटांच्या झ्रिन्स्की क्लबकडे गेले आणि वेलेझला शहराबाहेर व्रापचिचीला जावे लागले. आज कोण कोणत्या क्लबचा, यावरून आडनाव न विचारताही माणूस कुठला ते बहुधा कळते.

निवडणूक अडली कशी?

२००४ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रतिनिधी पॅडी अॅशडाऊन यांनी शहरावर एकच पालिका लादली. कोणत्याही एका समाजाचे १५ हून अधिक नगरसेवक नकोत, असा दंडकही घातला. त्यात एक गोम होती. सहा जुन्या विभागांना, लोकसंख्या कितीही असो, प्रत्येकी तीन जागा. मध्यभागी राहणाऱ्यांना मात्र स्वतःचा विभागीय नगरसेवकच नाही. २०१० मध्ये घटनात्मक न्यायालयाने हे नियम घटनाबाह्य ठरवले. नवे नियम ठरवायचे होते राजकारण्यांनी. क्रोएटांच्या एचडीझेड पक्षाला पूर्ण शहर एक मतदारसंघ हवा होता, कारण आता संख्या त्यांच्या बाजूला. बोस्नियाकांच्या एसडीए पक्षाला तेच नको होते.

२०१२ गेले, २०१६ गेले. नगरसभाच उरली नाही. महापौर ल्युबो बेश्लिच खुर्चीवर कायम. माझे स्पष्ट मत असे, की ही कोंडी दोन्ही पक्षांच्या पथ्यावरच पडली. सरकारी कंपन्यांतल्या नोकऱ्या ओळखीने मिळत असतील आणि प्रश्न विचारायला नगरसेवकच नसेल, तर घाई कोणाला? एरवी दोन्हीकडची भाषणे जुन्या जखमांवरची. वाटणी मात्र बिनबोभाट.

कोंडी फोडली ती इर्मा बारालिया या शिक्षिकेने. मत देण्याचा आणि उभे राहण्याचा हक्क नाकारला जातो, म्हणून तिने देशालाच स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात खेचले. ऑक्टोबर २०१९ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला, पुढच्या जूनमध्ये दोन्ही पक्षांनी तडजोड केली आणि डिसेंबरच्या निवडणुकीत ती स्वतः नगरसेविका झाली.

कोणत्याच बाजूचे नसलेले

आई क्रोएट, वडील बोस्नियाक अशी घरे मोस्तारमध्ये पूर्वी सर्रास असत. आज त्या घरातल्या मुलाला कुठल्या अभ्यासक्रमाला घालायचे, इथपासून प्रश्न सुरू होतो. स्वतःला बोस्नियाक, क्रोएट, सर्ब या तिन्हींपैकी काहीच न म्हणवणारा, ज्यू किंवा रोमा नागरिक तर देशाच्या अध्यक्षमंडळासाठी उभाच राहू शकत नाही. हा भेदभाव आहे, असा निकाल स्ट्रासबर्गने २००९ मध्येच दिला. पंधराहून अधिक वर्षे उलटली, तरी बॉस्नियाच्या घटनेतली ती अट तशीच आहे.