घराला रंग देताना आधी छत पाहा

घर बांधून झाले की रंगाचा विषय निघतो. मुले म्हणतात निळा, आजी म्हणते पिवळा, शेजारी म्हणतात गडद द्या, मळ दिसत नाही. सारी चर्चा समोरच्या भिंतीची. छताचे नाव कोणी काढत नाही, कारण ते रस्त्यावरून दिसत नाही. पण चैत्र-वैशाखात घर भाजून काढते ते छतच.

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांच्या वर जातो. वाळूजला रात्रपाळी करून आलेल्या कामगाराला तापल्या छताखाली दुपारी झोप लागत नाही. अभ्यासाला बसलेल्या मुलीची वही घामाने भिजते. शेगडीपुढे उभ्या असलेल्या माउलीचे हाल तर विचारूच नका.

कारण साधे आहे. गडद रंग ऊन शोषून घेतो, पांढरा परतवतो. अहमदाबाद महानगरपालिकेने 2017 साली गरीब वस्त्यांतील छते पांढरी करण्याची मोहीम घेतली, ती यासाठीच. पांढऱ्या छतामुळे खोलीतील उष्मा साधारण 2 ते 5 अंशांनी उतरू शकतो.

स्लॅब असेल तर चुना पुरे. चुनकळी लोखंडी पिंपात भिजवावी. ती उकळते, म्हणून मुलांना दूर ठेवावे आणि डोळे जपावेत. रात्रभर मुरल्यावर चुना गाळून, थोडा डिंक घालून दोन-तीन हात द्यावेत. पावसात तो धुऊन जातो, म्हणून दर फाल्गुनात पुन्हा द्यावा.

लोखंडी पत्र्यावर चुना टिकत नाही, पोपडे धरतो. गंज घासून, प्रायमर लावून पांढरा ऑइलपेंट द्यावा. नवा पत्रा चकाकतो म्हणून तो थंड राहील असे समजू नये. कोरा धातू घेतलेली उष्णता लवकर सोडत नाही. जुना सिमेंटचा पत्रा मात्र कधीही घासू नये. त्यात अॅस्बेस्टॉस असते व त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. त्यावर पायही देऊ नये, तो अचानक फुटतो.

आता भिंती. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते, तिला फिकट रंग द्यावा. बाहेरून डिस्टेंपर नको, पावसात टिकत नाही. सिमेंट पेंट द्यायचा तर भिंत आधी ओली करावी आणि रंग वाळल्यावरही पाणी मारावे, नाहीतर हाताला भुकटी लागते.

आणि आपला निळा? तो का आवडतो हे आपल्या घरांत सांगायला नको. पण सारी भिंत गडद निळी केली तर ती तापते आणि उन्हाने विटते. दार, खिडक्यांच्या चौकटी, कठड्याचा पट्टा निळा करावा. भिंतीला चुन्यात थोडी नीळ घालून आकाशी छटा द्यावी. अजिंठ्याच्या चित्रकारांना तांबडा-पिवळा जवळच्या मातीत मिळाला, निळ्यासाठी लाजवर्दाचा दगड दूरदेशाहून आणावा लागला. मोलाचा रंग थोडा असला तरी उठून दिसतो.

पैसा कमी असेल तर क्रम ठरवा: आधी छत, मग पश्चिमेची भिंत, शेवटी दर्शनी भाग. पाहुण्यांना भिंत दिसते, पण छत घरच्यांना सोसावे लागते.