आधी रूळ, मग इंजिन

सकाळी सहा. दुबईत करामातल्या खोलीत आम्ही सहा जण आणि न्हाणीघर एक. त्यामुळे दहाची ड्युटी असली तरी पहाटेच नंबर लावावा लागतो. आंघोळ उरकून डब्यात भात नि कालची उसळ भरली. नेरळला आईला फोन झाला. "गाड्यांच्याच दुकानात आहेस ना अजून?" हे ती दर शनिवारी विचारते. माथेरानची गाडी ज्याच्या घरामागून जायची, त्या मुलाला खेळण्यातल्या गाड्या विकायचा पगार मिळतो, हे तिला अजून खरं वाटत नाही.

साडेआठ. बुरजुमानहून मेट्रो. पुढच्या काचेला दोन पोरं नाक लावून उभी. या गाडीला चालक नाही, त्यामुळे समोरचा रूळ थेट दिसतो. ९ सप्टेंबर २००९ ला ही सुरू झाली. अरबी द्वीपकल्पातली शहरातली पहिली रेल्वे हीच. त्याआधी इथल्या मुलांनी आगगाडी पाहिली ती गोष्टींत आणि खेळण्यांच्या दुकानात.

साडेनऊ. दुकान उघडायच्या आधीचं माझं काम म्हणजे प्रदर्शनातल्या गाडीचे रूळ पुसणं. या गाडीला वीज रुळांतून मिळते. १२ व्होल्टचा प्रवाह रुळातून चाकात आणि चाकातून मोटरीत जातो. इथली बारीक धूळ रुळावर बसली की गाडी अडखळते आणि गिऱ्हाईक म्हणतं, माल खराब आहे. स्पिरिटचा बोळा फिरवला की तीच गाडी सुरळीत धावते.

दहा ते एक. सकाळी गर्दी नसते, म्हणून बोलायला वेळ मिळतो. एक मल्याळी बाप आला. मुलगा तीन वर्षांचा आणि याची नजर वाफेच्या इंजिनाच्या देखण्या मॉडेलवर. मी त्याला लाकडी गाडीकडे वळवलं. स्वीडनच्या ब्रिओचे लाकडी रूळ आणि आयकियाच्या लिलाबोचे रूळ एकमेकांना बहुतेक जुळतात. म्हणून त्याला सांगितलं, इंजिन चांगलं घ्या आणि जादा रूळ फेस्टिव्हल सिटीतल्या आयकियातून आणा, स्वस्त पडतील. आमच्या मॅनेजरला हे आवडत नाही. पण तोच बाप पुढच्या वाढदिवसाला पूल आणि क्रेन घ्यायला माझ्याकडेच येतो, हे त्याला दिसत नाही.

जपानी प्लारेलचंही असंच आहे. निळे प्लास्टिकचे रूळ, बॅटरीवर चालणारी गाडी. १९५९ पासूनचे रूळ आजच्या रुळांना जोडले जातात. खेळण्याच्या जगात यापेक्षा मोठी हमी मी तरी पाहिलेली नाही.

दुपारी दोन. मागच्या खोलीत डबा उघडला आणि मेहुण्याचा मेसेज: "भाऊजी, ट्रेन सेट इथं फार महाग आहे, तिकडून पाठवा." महाग असणारच. भारतानं खेळण्यांवरचं आयातशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० केलं आणि २०२३ मध्ये ७०. मी उलट विचारलं, मुलाचं वय किती, खोली केवढी? उत्तर आलं नाही. कुठं मिळेल हे सगळे विचारतात, ठेवणार कुठं हे कुणी विचारत नाही.

चार. पुण्याचे एक आजोबा, सोबत मुलगी. परवाचं विमान.

"अरे, मराठी का रे तू? मग नीट सांग. नातवाला खरी गाडी हवी, ती बॅटरीची नको."

"आजोबा, नातू केवढा आहे?"

"नऊ पूर्ण."

"मग चालेल. घरात जागा किती?"

"दोन बेडरूम आहेत," मुलगी म्हणाली.

"ताई, जमिनीवर म्हणतोय मी. पलंग, कपाट सोडून."

दोघं एकमेकांकडे बघायला लागली. मी पट्टी काढली. एचओ म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ व्या हिश्शाएवढी गाडी; रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. इंग्लंडची हॉर्नबी त्याच रुळांवर चालते, फक्त तिचं माप १:७६. तिच्या सर्वांत लहान वळणाचंच वर्तुळ पाऊण मीटर व्यासाचं होतं. त्यापेक्षा लहान हवं तर एन माप, रूळ नऊ मिलिमीटरचे. पण ते डबे नऊ वर्षांच्या हातांना नाजूक. मर्क्लिनची गाडी जर्मन घडणीची, मजबूत, पण तिला रुळाच्या मधोमध वेगळा संपर्क लागतो. मर्क्लिनचं इंजिन दुसऱ्याच्या रुळावर चालत नाही.

"आणि पुढच्या वर्षी जादा रूळ लागले तर?" आजोबांनी अचूक विचारलं. हा प्रश्न दहांत एकच गिऱ्हाईक विचारतं. सेटच्या खोक्यावरच्या चित्रात बोगदा, पूल, स्टेशन सगळं असतं. आत निघतो एक गोल. तिसऱ्या दिवशी मूल कंटाळतं. म्हणून मी खोक्याआधी सुट्या रुळांचा रॅक दाखवतो. ज्या दुकानात सुटे रूळ मिळत नाहीत, तिथून सेट घेऊ नये, मग ते दुकान आमचं का असेना.

"आजोबा, कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे ना? भाऊ जोशींनी १९९८ मध्ये उघडलेलं. नातवाला आधी तिथं न्या. त्याला काय आवडतं ते बघा."

"म्हणजे तू विकणारच नाहीस का मला?"

विकलं. एचओचा साधा सेट, एक सांधा बदलणारा रूळ आणि चार सरळ रूळ. इथला ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचा, भारतात चालतो. पिन तेवढी इथली चौकोनी, तिला अॅडॅप्टर लागेल, तोही दिला. अमेरिकेहून आणलेला १२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर मात्र भारतात थेट लावू नये, जळतो. बिल अडीचशे दिरहमच्या वर होतं, म्हणून पाच टक्के व्हॅट परत मिळवायची पावती केली. विमानतळावर सामान चेक-इन करण्याआधी तो काउंटर गाठा, हे दोनदा सांगितलं, कारण बॅग एकदा पट्ट्यावर गेली की माल दाखवता येत नाही.

सात ते दहा. शनिवारची संध्याकाळ, बोलायची सोय नाही. एका अरब बाईंना मेट्रोची गाडी हवी होती, वाफेची नको. त्यांच्या मुलाच्या लेखी आगगाडी म्हणजे मेट्रोच. एकानं माथेरानसारखी अरुंद गाडी मिळेल का विचारलं. इंग्लंडमधले हौशी लोक १:७६ मापाची अरुंद गाडी नऊ मिलिमीटरच्या रुळांवर चालवतात, म्हणजे मोठा डबा छोट्या मापाच्या रुळावर. आमच्याकडे ते नाही; मागवावं लागतं. त्याला त्या मापाचं नाव लिहून दिलं.

अकरा. मालाची यादी. मॅनेजरला डिसेंबरसाठी आणखी इंजिनं हवी आहेत. मी सरळ रूळ, वळणं आणि सांधे लिहिले. तो म्हणाला, रुळांवर नफा किती? मी म्हटलं, इंजिन एकदा विकलं जातं. अर्धी यादी त्यानं खोडली, अर्धी ठेवली.