संहितेविना साथ : दशावताराचा मृदंग आणि प्रयोगशील संगीत

‘प्रयोगशील उत्स्फूर्त संगीत’ म्हटले की परदेशातले एखादे सभागृह, वायरींचे जंजाळ आणि कानाला न रुचणारे आवाज डोळ्यांपुढे येतात. या संगीताचे तत्त्व मात्र साधे आहे. काय वाजवायचे ते आधी लिहिलेले नसते. वादक ऐकत ऐकत ते घडवतो आणि वाद्यातून नेहमीच्या पलीकडचे आवाजही काढतो. हे तत्त्व लक्षात घेतले, तर दिवाळी सरल्यावर सिंधुदुर्गातल्या जत्रांत रंगणाऱ्या दशावताराची साथ त्याच्या फार जवळची वाटू लागते.

दशावताराला परंपरेने लिखित संहिता नसते. पुराणातले आख्यान ठरते, पात्रे वाटली जातात आणि संवाद रंगमंचावरच जुळतात. पेटी, मृदंग आणि झांज एवढ्या साथीवर अख्खी रात्र उभी असते. राजाचे भाषण किती लांबेल, पद कुठे उचलले जाईल, युद्ध कधी पेटेल, हे वादकांना आधी नेमके ठाऊक नसते. नटाचा श्वास, पावलाचा ठेका, शब्दावरचा जोर यांवरून पेटीवाला सूर धरतो. वार पडताच मृदंगावर थाप पडावी लागते. हे स्वैर वाजवणे नव्हे. ताल, चाली आणि प्रसंगांचे संकेत अंगात मुरलेले असतात, म्हणूनच आयत्या वेळी वाट काढता येते.

वाद्याचेही तसेच. मृदंगाच्या, म्हणजेच पखवाजाच्या, डाव्या तोंडाला पारंपरिक पद्धतीत ओली कणीक लावतात. तिच्या वजनाने कातडे सावकाश कंप पावते आणि आवाज खोल होतो. कणीक कमी-जास्त करून तो हवा तसा जुळवता येतो. 1940मध्ये अमेरिकन संगीतकार जॉन केज यांनी पियानोच्या तारांमध्ये स्क्रू आणि बोल्ट अडकवून त्याला तालवाद्यांचा आवाज दिला. युक्ती एकाच जातीची : कंप पावणाऱ्या वस्तूला दुसरे काही जोडायचे आणि तिचा आवाज पालटायचा.

या दोन जगांना जोडणारा दुवाही पखवाजाचाच आहे. पखवाज शिकलेल्या गीता साराभाई यांनी 1946मध्ये न्यूयॉर्कला केज यांना भारतीय संगीताची ओळख करून दिली आणि त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीत समजून घेतले. पुढे केज यांचे सहकारी डेव्हिड ट्युडर यांच्या मदतीने 1969मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मोग सिंथेसायझरसह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. तिथली ध्वनिमुद्रणे वर्षानुवर्षे विस्मरणात होती; त्यांतली निवडक 2023मध्ये प्रकाशित झाली.

ट्युडर आपल्या रचनांत यंत्रातून निघालेला आवाज पुन्हा त्याच यंत्रात सोडत. त्यातून काय उमटेल हे आधी सांगता येत नसे, त्यामुळे कान उघडे ठेवूनच हात चालवावा लागे. ही गोष्ट आज आपल्याकडे महत्त्वाची आहे. ‘ट्रिकसीन’च्या दशावतारामुळे रंगमंचावर तंत्र आले आहे, आणि त्यात मुळात वावगे काही नाही. पण युद्धाचा गडगडाट आधीच मुद्रित करून ठेवला, तर नटाला त्या लांबीत लढावे लागेल. मुद्रित आवाजाला नटाची दमछाक कळत नाही, मृदंगवाल्याला कळते. म्हणून नवे वाद्य विजेवर चालते की हाताने, हा प्रश्न दुय्यम आहे. वाजवणाऱ्याला नटाचे ऐकून तिथल्या तिथे आवाज बदलता येतो का, हे पाहायला हवे. तसे असेल तर सिंथेसायझरही दशावतारात शोभेल. नसेल तर साथ उरणार नाही, नुसता आवाज उरेल.