मधमाशी, हौशी मधपाळ आणि त्याचा पोशाख

शहरांतील परसांत व गच्च्यांवरही आता मधुपेट्या ठेवल्या जातात. हौस उत्तम, परंतु तिचा पहिला धडा पुष्कळांना पुस्तकाऐवजी माशीकडूनच मिळतो. तो स्वस्तात कसा घ्यावा, याचा येथे विचार करू.

प्रथम माशीची बाजू पाहू. आपल्याकडे सातेरी माशी पेटीत राहते. कड्यांवर, उंच झाडांवर उघडे पोळे बांधणारी आग्या माशी निराळी. तिच्या वाटेस हौशी माणसाने जाऊच नये. फुलावरची माशी सहसा कोणाला डंख करीत नाही. ती डंख करते घर राखण्यासाठी, आणि त्याची किंमत स्वतःच्या प्राणाने देते. कामकरी माशीच्या नांगीला उलटे काटे असतात. आपल्या कातडीत रुतलेली नांगी विषाच्या पिशवीसकट तुटून राहते आणि तुटल्यावरही विष ओतीत राहते. शिवाय तेथून पिकल्या केळ्यासारखा एक वास सुटतो. इतर माश्यांना ती दवंडीच असते : शत्रू येथे आहे! एका डंखामागून दहा येतात ते यामुळे. म्हणून नांगी नखाने तत्काळ काढावी, ती जागा धुवावी अथवा तिच्यावर धूर द्यावा. धुरामुळे हा वास झाकला जातो.

आता पोशाख. तो पांढरा किंवा फिकट, सुती व गुळगुळीत असावा. गडद रंग आणि लोकरीचे केसाळ कापड माश्यांना चिडविते. कापडावर बसलेली माशी वर चढते; म्हणून पायजम्याचे टोक मोज्यांत खोचावे आणि बाह्या मनगटाशी बांधाव्या. तोंडावरची जाळी टोपीच्या रुंद काठावरून सुटलेली हवी. ती नाकाला चिकटली तर जाळीतूनही डंख बसतो. हातमोजे फार जाड नसावेत, कारण बोथट बोटांखाली माश्या चिरडतात आणि पुन्हा तीच दवंडी पिटली जाते. वापरलेले कपडे धुऊन ठेवावे, कारण वास त्यांतही राहतो. अत्तर टाळावे. आणि पेटीच्या दारासमोर नव्हे, बाजूस उभे राहावे.

मुरलेला मधपाळ उघड्या हातांनी पेटी हाताळतो, हे पाहून नवशिक्या जाळी काढून ठेवतो. हे धैर्य नव्हे. बहुतेकांना डंखाने सूज व वेदना यांपलीकडे काही होत नाही. पण काही थोड्यांना एकच डंख प्राणघातक ठरतो. अंगभर गांध्या उठल्या, ओठ वा घसा सुजला, श्वास कोंडला, भोवळ आली, तर घरगुती उपायांत क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. तेथे वेळीच दिलेले ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन जीव वाचविते.

एक गोष्ट मात्र कोणताही पोशाख साधीत नाही. तो घालणाऱ्यालाच राखतो; शेजारच्या अंगणात खेळणाऱ्या मुलाच्या तोंडावर जाळी नसते. म्हणून पेटीचे दार रहदारीकडे नसावे, आणि ती उघडण्यापूर्वी शेजाऱ्यांना सांगावे. मध आपल्या घरी आणि डंख शेजाऱ्याच्या, अशी वाटणी न्यायाची नव्हे.