‘अकॉर्डिंग टू मी’ आणि दिव्याचं फाटक

मुंबई लोकलच्या दिवा स्थानकाजवळच्या रेल्वे फाटकाबद्दल रेल्वेला इंग्रजीत तक्रार लिहिताना आपल्याकडे हमखास येणारं वाक्य: ‘अकॉर्डिंग टू मी, दिवा फाटक शुड बी क्लोज्ड.’ ‘माझ्या मते’चं हे थेट रूप इंग्रजीत खटकतं. ‘अकॉर्डिंग टू’ नेहमी दुसऱ्याचा हवाला देतं: वेळापत्रक, अहवाल, स्टेशन मास्तर. स्वतःचं मत असेल तर सरळ ‘आय थिंक’ किंवा ‘इन माय ओपिनियन’ लिहा.

खरी मेख क्रियापदांत आहे. समजा, फाटक वेळेत बंद न झाल्याने लोकल रखडली, असं अधिकाऱ्याने सांगितलं. ‘सेड’ लिहिलंत, तर फक्त त्याचं म्हणणं पोचवलंत. ‘क्लेम्ड’ने त्यावर शंका येते. ‘पॉइंटेड आउट’ म्हणजे ते खरं आहे हे तुम्हीच मान्य केलंत. आणि ‘अ‍ॅडमिटेड’ने तर चुकीची कबुलीच त्याच्या तोंडी घातलीत! तक्रारअर्जात हा शब्द फार जपून वापरावा.

आरोपांबाबतही अशीच काळजी हवी. २ जानेवारी २०१५ ला लोकल रखडल्याने दिव्यात प्रवासी रुळांवर उतरले आणि दगडफेक झाली. अशा आंदोलनात दगड कोणी मारला हे सिद्ध झालेलं नसेल, तर नाव लिहिताना ‘अलेज्डली’ हवंच. तिथे हयगय नको, कुणाच्या तरी अब्रूचा प्रश्न असतो.

‘ही टोल्ड दॅट’ हेही अर्धवट. कोणाला सांगितलं ते यायलाच हवं: ‘ही टोल्ड अस दॅट’. आणि ‘अकॉर्डिंग टू द रिपोर्ट, इट सेज’ असा दुहेरी हवाला कशाला? ‘द रिपोर्ट सेज’ पुरे.