टिकी बार म्हणजे काय रे भाऊ?

(आमच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. वाचायला सोपं जावं म्हणून बोलण्यातली पुनरावृत्ती कमी केली आहे.)

मागच्या भागात मी सहज बोलून गेलो की लॉस एंजेलिसला एका टिकी बारमध्ये संध्याकाळ घालवली. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की हे टिकी काय प्रकरण आहे? तर आज तेच.

सनसेट बुलेव्हार्डवर 'टिकी-टी' नावाचा एक बार आहे, १९६१ पासूनचा. जागा म्हणाल तर आपल्याकडच्या अमृततुल्यापेक्षा थोडीशीच मोठी. आत शिरलात की बाहेर दिवस आहे की रात्र, पत्ता लागत नाही. बांबू, चटया, मंद रंगीत दिवे, डोळे वटारलेल्या लाकडी मूर्ती. समोर जो ग्लास येतो त्यात बर्फाचा चुरा, लिंबाचा आंबटपणा, दालचिनीचा वास. पहिला घोट घेतला आणि वाटलं, अरे, हे तर सरबत आहे! तसं ते नसतं, हे उठताना कळतं. त्याकडे येऊच.

पण बसल्याबसल्या मला प्रश्न पडला, की हे बेट नेमकं कुठलं? उत्तर गमतीशीर आहे. कुठलंच नाही.

बेट बांधलं कुणी?

अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठल्या उठल्या अर्नेस्ट गँट नावाच्या तरुणाने हॉलिवूडमध्ये छोटासा बार काढला. जगभर भटकून आलेला माणूस. त्याचा बार 'डॉन द बीचकोंबर' या नावाने गाजला, आणि त्याने पुढे स्वतःचं नावही बदलून डॉन करून घेतलं. व्हिस्की मुरायला वर्षं लागतात, त्यामुळे तेव्हा चांगली व्हिस्की दुर्मीळ होती. कॅरिबियन बेटांवरची रम मात्र स्वस्त आणि मुबलक होती. डॉनने तीच धरली.

आता हिशेब बघा. सजावट पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशियाची. रम कॅरिबियनची, म्हणजे दुसऱ्याच समुद्रातली. जेवण बरंचसं चायनीज. पॉलिनेशियन लोकांचं पारंपरिक पेय कावा. ते एका झुडपाच्या मुळापासून बनतं आणि त्यात अल्कोहोल नसतंच. म्हणजे आपल्या हायवेवर दारात बैलगाडी ठेवलेले 'गावरान' ढाबे असतात ना, तसंच काहीसं. फरक इतकाच, की इथे गावही दुसऱ्याचं.

ग्लासात काय असतं?

टिकी ड्रिंकचा पूर्वज म्हणजे पंच. हा शब्द आपल्याकडच्या 'पाच' किंवा 'पंच'वरून इंग्रजीत गेला असं बहुतेक मानतात. दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला, असे पाच जिन्नस. डॉनने याच साच्यात एकाऐवजी दोन-तीन प्रकारच्या रम एकत्र केल्या, आणि एकाऐवजी अनेक मसाले वापरले.

त्याचं गाजलेलं ड्रिंक म्हणजे १९३४ चं 'झॉम्बी'. एका ग्लासात तीन रम मिळून साधारण १२० मिली. त्यातली एक रम ७५ टक्क्यांहून जास्त अल्कोहोलची. नेहमीच्या रमच्या मापात मोजलं तर जवळपास अडीच लार्ज पेग! बर्फ, आंबट आणि दालचिनी यांच्याखाली ते लपून जातं. म्हणून डॉनकडे नियम होता, एका गिऱ्हाइकाला दोनच झॉम्बी. तुम्ही कधी गेलात तर एकावर थांबा, आणि गाडी घरीच ठेवा.

बाटलीवरचा नंबर

आता खरी गोष्ट. डॉनला भीती होती की पाककृती चोरीला जाईल. म्हणून बाटल्यांवर जिन्नसाचं नाव नसायचं. नुसतं 'डॉन्स मिक्स' किंवा 'स्पायसेस नंबर ४'. ड्रिंक बनवणाऱ्यालाही आत काय आहे ते माहीत नसायचं. आणि हे बनवणारे कोण? त्यातले अनेक फिलिपिन्सहून आलेले. बरेच जण मागच्या बाजूला, गिऱ्हाइकाच्या नजरेआड उभे राहून काम करायचे. हात त्यांचे, नाव डॉनचं.

पण माणसं लक्षात ठेवतात, वहीत टिपतात. डॉनकडे काम केलेल्या सँटियागो यांची १९३७ ची वही अनेक दशकांनी संशोधक जेफ बेरी यांच्या हाती आली. त्यात झॉम्बी होतं, पण 'डॉन्स मिक्स' या सांकेतिक नावासकट. शोध घेत घेत कळलं, की ते म्हणजे ग्रेपफ्रूटचा रस आणि दालचिनीचा पाक. २००७ मध्ये बेरींनी ही पाककृती पुस्तकात छापली.

आणि मी बसलो होतो ते टिकी-टी? ते काढलं रे बुहेन यांनी. तेही फिलिपिनो, डॉनच्या सुरुवातीच्या बारटेंडरांपैकी एक. जवळजवळ तीस वर्षं दुसऱ्यांच्या बारमध्ये ड्रिंक्स बनवली आणि मग स्वतःचं दार उघडलं. आजही ते त्यांच्या कुटुंबाकडेच आहे. हे कळल्यावर ती छोटीशी जागा मला एकदम मोठी वाटली.

आणि त्या मूर्ती?

काही माओरी कथांमध्ये टिकी हा पहिला माणूस. मार्केसस बेटांवर टिकी म्हणजे पूर्वजांच्या, देवांच्या कोरीव मूर्ती. बारमध्ये त्यांचे मग झाले. आपल्या खंडोबाच्या टाकावरचा चेहरा उद्या कुणी बिअरच्या मगवर छापला, तर आपल्याला कसं वाटेल? पॉलिनेशियन वंशाचे अनेक लोक हेच विचारतात. म्हणून आता काही नवे बार मूर्ती काढून टाकतात, 'टिकी' शब्दही टाळतात, आणि रम, मसाले, बांबू तेवढे ठेवतात.

मग जायचं की नाही? मी तर पुन्हा जाईन. फक्त ग्लास उचलताना एवढं लक्षात ठेवीन, की बेट खोटं असलं तरी ते उभारणारे हात खरे होते, आणि ज्यांचे देव भिंतीवर टांगलेत तेही खरे आहेत.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!