टाकी रिकामी होते का?

भोसरीच्या शेडमध्ये माझं पहिलं ड्रॉइंग टेबलावर पसरलं, तेव्हा दोन हजार लिटरचा हिशेब मी तीनदा तपासून आणला होता. साहेबांनी त्याकडे पाहिलंही नाही. पेन्सिलीचं टोक तळाच्या नोझलवर टेकवून म्हणाले, "दोन हजार मावतात, ते ठीक. पण रिकामी होते का?"

होत नव्हती. व्हॉल्व्हपर्यंत हात पोचावा म्हणून नोझल मी मध्यापासून बाजूला घेतलं होतं. तळाशी थाळीभर पाणी राहणार होतं. थाळीभर पाण्यात एका रात्रीत काय काय वाढतं, हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

पुढची तीस-बत्तीस वर्षं औषध कंपन्यांच्या टाक्या काढण्यात गेली. दुधाच्या नि तेलाच्या टाक्या बनवणारे आमच्यापेक्षा कितीतरी मोठी भांडी उभी करतात. आमची भांडी लहान, पण नखरेल.

नखरे पत्र्यापासूनच सुरू होतात. घरच्या डब्याला ३०४ चालतं. औषधाला भिडणारा पत्रा ३१६ एल लागतो. भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक चुंबक लावून बघतं, पण इथे त्याचा उपयोग नाही, कारण चुंबक या दोन्हींना सहसा धरत नाही. फरक आहे तो दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनमचा. पाण्यातलं क्लोराइड स्टीलला टोचून टोचून भोकं पाडतं, त्याला हा धातू आवर घालतो. 'एल' म्हणजे कार्बन कमी, ०.०३ टक्क्यांच्या आत. कार्बन जास्त असला तर वेल्डिंगच्या आचेत तो क्रोमियम ओढून घेतो, आणि गंज थोपवणारा थर धरतो तो क्रोमियममुळेच. सांध्याशेजारची पट्टी मग उघडी पडते. साध्या लोखंडावर ग्राइंडर चालवताना उडालेली ठिणगी आमच्या पत्र्यावर बसली, तरी काही दिवसांत तिथे तांबूस ठिपका. म्हणून दोन कामांना दोन शेड.

आतला पृष्ठभाग हा तर टाकीचा जीव. सरासरी खडबडीतपणा ०.४ मायक्रॉनच्या आत, असं ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं. पुष्कळसे जिवाणू एक मायक्रॉनच्या आसपास भरतात. त्यांना बूड टेकायला खाच मिळू नये, हा हेतू. हे काम बफिंगवाल्याच्या मनगटातलं. आमचा बफिंगवाला टाकीत मांडी घालून बसे. आधीच्या पेपरच्या रेघा पुढच्या बारीक पेपरने आडव्या मारून पुसायच्या, असं चार-पाच वेळा. शेवटी हातमोजा काढून तो वेल्डवरून नख फिरवी. नख अडलं की पुन्हा बैठक. रफनेस मीटर नंतर यायचा, बहुतेक वेळा नखाला दुजोरा द्यायला.

हा सोवळ्याचा कारभार आला कुठून? माझ्या मते पेनिसिलिनपासून. सुरुवातीला त्याची बुरशी बाटल्यांमध्ये वाढवत. १९४४च्या मार्चमध्ये फायझरने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, एका जुन्या बर्फाच्या कारखान्यात, साडेसात हजार गॅलनच्या १४ टाक्या सुरू केल्या. या खोल टाक्यांच्या उत्पादनाची आखणी करणाऱ्यांत मार्गारेट हचिन्सन होती. १९३७ साली एमआयटीतून केमिकल इंजिनिअरिंगची डॉक्टरेट मिळवणारी ही पहिली स्त्री. आमच्या धंद्याची ती आजी म्हणायला हरकत नाही. टाकीत एक परका जंतू शिरला तर तो पेनिसिलिन मोडून टाकणारं विकर सोडू शकतो, मग सगळा घाणा गटारात. भोसरीपासून हाकेच्या अंतरावर, पिंपरीला, १९५४ साली युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तिलाही हीच धास्ती होती.

टाकीला फुटलेली प्रत्येक नळी म्हणजे एक बोळ. पाणी आत जातं, फिरत नाही. आम्ही त्याला डेड लेग म्हणतो. १९७६ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एक मसुदा काढला: अशा फांदीची लांबी व्यासाच्या सहापटीपेक्षा जास्त नको. मसुद्याचा कायदा कधी झालाच नाही, १९९३ साली तो मागेही घेतला गेला. तरी जगभरच्या ड्रॉइंगांवर '६ डी' वेदवाक्यासारखं लिहिलं जात राहिलं. १९९७ साली अमेरिकी मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेचं वेगळं मानक आलं, आणि सहाचे दोन झाले.

बोळ राहिलाय का, हे शोधायचं ते बी-२ जीवनसत्त्वाने. त्याचं पाणी टाकीभर फवारायचं, वरचा स्प्रे बॉल चालवून टाकी धुवायची, दिवे घालवून अतिनील टॉर्च मारायचा. जिथे पाणी पोचलं नाही तिथे पिवळट हिरवं चमकतं. ढवळणीच्या दांड्यामागे, मॅनहोलच्या गळ्यात. बनवणाऱ्याची अब्रू अंधारात दिसते.

माझी एकदा उजेडात गेली. टाकी आतून तीन किलो दाब सहज घेत होती. बाहेरच्या दाबाचा रकाना मी कोराच सोडला होता. गिऱ्हाइकाकडे वाफेने टाकी १२१ अंशांवर निर्जंतुक केली आणि ऑपरेटरने त्याच स्प्रे बॉलमधून गार पाणी सोडलं. वाफेचं पाणी झालं, शेकडो लिटरच्या जागी एक लिटर. फिल्टरमधून तेवढी हवा आत यायला वेळ मिळाला नाही. शाळेत पत्र्याच्या डब्याचा प्रयोग पाहिला होता, तोच मोठ्या प्रमाणावर. चौरस मीटरला दहा टन वजनाने हवेने टाकी मुरगळून टाकली. सुदैवाने जवळ कोणी नव्हतं. त्यानंतर माझ्या एकाही ड्रॉइंगवर 'पूर्ण निर्वात' हे शब्द सुटले नाहीत.

आता मोठ्या प्लास्टिक पिशव्या आल्या आहेत, लस आणि जैविक औषधांसाठी एकदा वापरून टाकून द्यायच्या. धुणं नाही, बफिंग नाही. वाईट वाटत नाही असं नाही. पण सिरप, सलाइन आणि गरम शुद्ध पाणी अजून स्टीलकडेच आहे.

नव्या इंजिनिअरांकडे त्रिमितीय मॉडेल असतं, पडद्यावर टाकी गरगर फिरते. त्यांना एवढंच सांगतो: सही करण्याआधी एकदा तयार टाकीत उतरून, तळाशी बसून, वर बघा. फक्त उतरण्याआधी ऑक्सिजन मोजून घ्या. वेल्डिंगचा आर्गॉन हवेपेक्षा जड असतो, तळाशी साठतो, आणि त्याला वास नसतो.